उपडी कुंडी, चार मेणबत्त्या आणि ‘निम्मं’ वीजबिल

निफाडचा पारा बातम्यांत झळकला की दोन दिवसांत तो मेसेज ग्रुपवर येतोच. ‘हिवाळ्यात वीजबिल निम्मं करा, घर उबदार ठेवा, हे उपाय कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ खाली उपायांची यादी आणि हात जोडलेले इमोजी. उपाय करून पाहणाऱ्यांचं बिल खरंच उतरतं, ही त्यातली गंमत. डिसेंबरात पंखे बंद, एसी बंद, फ्रीजचा कंप्रेसरही कमी वेळ चालतो. बिल उतरणारच होतं, श्रेय मात्र मेसेज घेऊन जातो. यादीतला एकेक मुद्दा पाहू.

पहिला दावा: ‘गिझर सारखा चालू-बंद करू नका. दिवसभर चालू ठेवा. थंड पाणी नव्याने तापवायला जास्त वीज लागते.’

ऐकायला पटतं, पण हिशेब उलटा आहे. टाकीतलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा जितकं जास्त गरम, तितक्या वेगाने त्यातली उष्णता बाहेर निसटते. गिझर बंद केला की पाणी निवत जातं आणि निसटण्याचा वेगही मंदावतो. दिवसभर चालू ठेवला तर टाकी कायम ६० अंशांच्या आसपास, म्हणजे गळती कायम पूर्ण वेगात. पुन्हा तापवताना जेवढी उष्णता निसटली तेवढीच भरून द्यावी लागते, त्यावर कुठला दंड नसतो. रात्री कोणी नळ उघडलेला नसताना गिझरमधून ‘टिक’ आवाज येतो, लाल दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. तेवढा वेळ निसटलेली उष्णता आपण पुन्हा विकत घेत असतो. नव्या गिझरच्या स्टार लेबलवर चोवीस तासांची ही गळती छापलेली असते, ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून. तारे मोजतो, तो आकडा कोणी वाचत नाही. घरातल्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या आणि पहिलीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बटण दाबलं, की झालं.

दुसरा दावा: ‘गिझरऐवजी रॉड वापरा, वीज एक चतुर्थांश लागते.’ यात थोडं खरं आहे, म्हणून नीट पाहू. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. गिझरने तापवा, रॉडने तापवा, पाण्याला फरक पडत नाही. दीड हजार वॉटचा रॉड ते काम वीस-एक मिनिटांत करतो. बचत होते ती एवढ्यासाठी की रॉड तुम्हाला हवी तेवढीच बादली तापवतो, आणि गिझरच्या टाकीत आंघोळीनंतर उरलेलं कढत पाणी भिंतीआड निवत बसतं. एकट्या माणसाला त्यामुळे रॉड परवडू शकतो. चौघांच्या घरात हा फरक जवळजवळ उरत नाही, आणि चतुर्थांश तर कधीच होत नाही. रॉडला आणखी एक किंमत आहे. पाणी तापलं का हे बोट बुडवून पाहायची आपली सवय. प्लग काढल्याशिवाय त्या बादलीला हात लावायचा नाही, आणि घरात लहान मूल असेल तर रॉड आणूच नये.

तिसरा दावा मेसेजचा लाडका, फोटोसकट: चार छोट्या मेणबत्त्या, म्हणजे टीलाइट, लावा, वर मातीची कुंडी उपडी ठेवा, ‘आठ रुपयांत रात्रभर खोली गरम’.

एक टीलाइट साधारण ३० ते ४० वॉट उष्णता देते. चार मिळून दीडशेच्या आसपास. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस शंभर वॉटच्या आसपास देतो. म्हणजे शेजाऱ्यांना जोडीने गप्पा मारायला बोलावलंत तर खोली चार मेणबत्त्यांपेक्षा जास्त तापेल. साधा रूम हीटर हजार ते दोन हजार वॉटचा असतो, यावरून काय ते समजा. मग कुंडीला हात लावला तर चटका का बसतो? एरवी वर निघून जाणारी उष्णता कुंडीत एका जागी साठते म्हणून. कुंडी स्वतः काही निर्माण करत नाही. मेणात जेवढी ऊर्जा आहे तेवढीच मिळणार, कुंडी ठेवा नाहीतर नका ठेवू. शिवाय एका युनिटइतकी उष्णता मिळवायला अशा सहा-सात टीलाइट संपवाव्या लागतात. दुकानातला भाव विचारा आणि वीजबिलावरच्या युनिटच्या दराशेजारी मांडून पाहा. त्यातही धोका असा की कुंडीखाली कोंडलेल्या उष्णतेने सगळं मेण वितळून एकदम पेट घेऊ शकतं. पडद्याजवळच्या टेबलावर, माणसं झोपलेली असताना, हा खेळ नको.

‘ऑइलचा हीटर कमी वीज खातो, कारण तेल गरम राहतं.’ नाही. वीज तारेतून जाऊन उष्णता होते, मग ती तेलात जावो की पंख्याने फेकली जावो, एका युनिटची उष्णता एका युनिटइतकीच. तेल उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, एवढाच फरक. झोपायच्या खोलीत तो सोयीचा आहे, आवाज नाही, उजेड नाही. स्वस्त मात्र नाही. टेबलाशी एका जागी बसून काम करणाऱ्याला पायाशी ठेवलेली चारशे वॉटची हॅलोजन कांडी पुरते, कारण ती हवा तापवायच्या भानगडीत न पडता थेट अंगावर येते.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. ‘कोळशाची शेगडी खोलीत ठेवा, शेजारी पाण्याचं पातेलं ठेवा, पाणी विषारी वायू शोषून घेतं.’

हे साफ खोटं आहे आणि यात जीव जातो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. पातेलं ठेवा, पिंप ठेवा, फरक शून्य. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला हेही कळत नाही. धूर थांबला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, हा समज सगळ्यात घातक. धूर नसलेला निखाराही तोच वायू सोडतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. आपल्याकडे तोच वायू बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं मारतो. शेकोटी अंगणात. आत काहीही जाळायचं नाही, आणि गॅस गिझर असेल तर खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू.

पाण्याच्या वाटीचा हा समज बहुधा विजेच्या हीटरवरून आला असावा. तिथे वाटीचा उपयोग हवा फार कोरडी पडू नये एवढाच. विजेचा हीटर ऑक्सिजन खात नाही.

‘हिवाळ्यात फ्रीज बंद ठेवा’: दुपारी स्वयंपाकघर पंचवीस अंशांवर जातं, दूध नासेल. ‘झोपताना दोन घोट ब्रँडी’: कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, आणि शरीर आतून उलट जास्त उष्णता गमावतं.

मग बचत कुठे? आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उघडा स्लॅब, फटी असलेल्या स्लायडिंग खिडक्या, दाराखाली बोटभर जागा. अशी खोली तापवणं महागच. माणूस तापवणं मात्र फार स्वस्त. दीड लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ पर्यंत नेऊन रबरी पिशवीत भरलं तर ०.०७ युनिट लागतो. तेच पांघरुणात घेतलं की झोप लागेपर्यंत पुरतं. गोधडी पांघरायला एक आणि अंगाखाली एक, कारण गादीतूनही थंडी चढते. जुन्या लुगड्यांचे थर हवा कोंडून धरतात, काम ती हवा करते. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे दिवसा उघडे, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडेच खाली झुकलेला असतो, आणि सूर्य मावळला की ओढून घ्यायचे. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी.

आणि महावितरणचं बिल टप्प्यांचं आहे: १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. रोज चार तास हजार वॉटचा हीटर म्हणजे महिन्याला १२० युनिट, आणि ते तुमच्या वापरातल्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. ज्यांच्या घरी ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी आधीच लागलेला आहे, त्यांनी हीटर विकत घेऊच नये. तो एसी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटइतकी ऊब मिळते. रिमोटवरचं सूर्याचं चित्र असलेलं बटण दाबायचं.