दिपेंदे

परकी भाषा शिकवताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देतो.

इटलीतल्या तोरिनोत, म्हणजे आपल्या नकाशातल्या ट्युरिनमध्ये, मला घर मिळालं, पण घरात इंटरनेट नव्हतं. मोबाइलचा डेटा आईच्या व्हिडिओ कॉलमध्येच संपायचा आणि त्यातही अर्धा वेळ आमच्या हॉलमधला पंखाच दिसायचा. म्हणून एक वाक्य पाठ केलं: "वोर्रेई सापेरे क्वाली सेर्वित्सी इंतेर्नेत सोनो दिस्पोनिबिली." कोणकोणत्या इंटरनेट सेवा मिळतील ते विचारायचंय. भांडी घासताना, ट्रॅममध्ये, जिना चढताना, अगदी पाढ्यासारखं घोटलं.

दुकानात ते बिनचूक म्हटलं. तिथंच घात झाला. दाढीवाल्या पोराला वाटलं, बाईंना भाषा येते. तो दोन्ही हातांनी दीड मिनिट बोलला. मला त्यातलं 'फिब्रा', म्हणजे फायबर, तेवढं कळलं. मी मान डोलावली. त्यानं काहीतरी विचारलं. मी पुन्हा मान डोलावली. तो थांबला. प्रश्न हो-नाहीचा नव्हता बहुतेक.

मग मी स्वतःच्या हिमतीवर एक वाक्य जुळवलं. घरापर्यंत लाइन पोचते का, याला 'कोपेर्तूरा' लागतं. मी म्हणाले 'कोपेर्ता'. म्हणजे माझ्या घरी गोधडी आहे का, असं मी एका अनोळखी तरुणाला विचारलं. तो म्हणाला, हिवाळ्यात असावी.

पुढे आडनाव. फोनवर काय, काउंटरवर काय, इथं स्पेलिंग गावांच्या नावांनी सांगतात. जाधव म्हणजे "ई लुंगा, आंकोना, दोमोदोस्सोला, होटेल, आंकोना, व्हेनेत्सिया". 'जे' यांच्या मूळ वर्णमालेत नाही, त्यामुळे त्याला 'लांब आय' म्हणायचं. आणि दोमोदोस्सोला हे स्विस सीमेजवळचं छोटं गाव. तिथं गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, पण 'डी' आला की सगळे तिथूनच जातात.

मग 'कोदिचे फिस्काले'. हा 16 अक्षरांचा कर-क्रमांक दिल्याशिवाय इथं काही म्हणजे काही लागत नाही. त्यात जन्मतारीख असते आणि बाईमाणूस असेल तर तारखेत 40 मिळवतात. माझा जन्म 12 चा, सरकारदरबारी 52 तारखेचा. भारतात जन्मल्याची खूण म्हणून झेड 222 वेगळं. माझी पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींना हे दाखवायला हवं.

एवढं झाल्यावर मुद्द्याचं विचारलं. स्पीड किती? "दिपेंदे." महिन्याला किती पडेल? "दिपेंदे." मोडेम तुमचा की माझा? "दिपेंदे." माणूस कधी येईल? इथं त्यानं खांदेही उडवले. दिपेंदे म्हणजे 'ते अवलंबून आहे'. कशावर, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

अखेर त्यानं कागदावरचा पिवळा शिक्का दाखवला. जाहिरातीत सगळंच 'फिब्रा' म्हणून खपायला लागलं, तेव्हा 2018 मध्ये इथल्या नियामकानं सिग्नलचे रंग ठरवून दिले. हिरवा म्हणजे फायबर थेट घरापर्यंत, लाल म्हणजे फायबरचा पत्ताच नाही. माझ्या नशिबी पिवळा. फायबर रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत, तिथून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जुनी तांब्याची तार. तांब्याला इटालियनमध्ये 'रामे' म्हणतात. म्हणजे शेवटचा टप्पा रामभरोसे, हे त्यांनी लेखी दिलं होतं. मी सही केली.

रात्री आईचा फोन.

"मग कधी लागणार नेट?"

"दिपेंदे," मी दमून म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा दिसला. मग आवाज आला, "कोण गं हे दिपेंदे? आपल्यातले का?"