गोधडी हे फर्निचर आहे

जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला एक आकडा असतो. दुपट्याला असतो, रणगाड्यालाही असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. ही वर्गवारी 1988 पासून लागू आहे आणि परदेशी पार्सल पाठवायचं तर आपली वस्तू तिच्यात कुठेतरी बसवावीच लागते. हे ज्ञान मला हौसेनं झालेलं नाही. आमच्या गल्लीतल्या काकी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात आणि मी त्या टपालानं परदेशी विकते. टाके त्यांचे, रकाने माझे.

कागदोपत्री मी निर्यातदार आहे बरं का. पाचशे रुपये भरून आयात-निर्यात क्रमांक काढलाय, डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर खातं आहे. घरात मात्र या पदाला अजून मान्यता नाही. निर्यातदाराला दळण आणायला पाठवतात.

तर गोधडीचा आकडा. आत-बाहेर सगळं जुनंच कापड, म्हणून आधी 6309 पाहिला. तिथे वापरलेले कपडे. त्याच्या शेजारी 6310, तिथे चिंध्या. काकींच्या बारीक धावदोऱ्याला चिंध्या म्हणायची माझी छाती नव्हती. शेवटी आत भर घातलेल्या रजया-दुलयांचा 9404.40 सापडला. जीव भांड्यात पडला. मग हा आकडा ज्यात येतो त्या प्रकरण 94 चं शीर्षक वाचलं. सुरुवातच फर्निचरनं. पुढे गाद्या, मग दिवे, मग झगमगत्या पाट्या, आणि शेवटी जोडणीची तयार घरं.

काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी टेबल-खुर्चीत बसवलीस व्हय माझ्या गोधडीला?"

"काकी, घरंसुद्धा आहेत त्यात."

"मग असू दे."

यानंतर सीमाशुल्काचं घोषणापत्र. स्वस्त मालाला छोटा सीएन 22, महागाला मोठा सीएन 23. सीमारेषा तीनशे एसडीआरची. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबी चलन, जे आजवर कुणाच्या बटव्यात खुळखुळलेलं नाही. अर्ज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, कारण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच.

मालाचा मूळ देश? मी धडाक्यात 'भारत' लिहायला घेतलं, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आतली चादर जावंच्या पोरानं दुबैवरनं आणल्याली हाय." चादरीच्या कोपऱ्यावर 'मेड इन चायना'. म्हणजे चीनची चादर, दुबईची खरेदी, वर इचलकरंजीचं सुती. नियम धुंडाळले. वस्तूला शेवटचं खरं नवं रूप जिथे मिळालं, तो तिचा देश. ते रूप काकींच्या ओसरीवर मिळालं, याला अख्खी गल्ली साक्षीदार आहे. भारतच लिहिलं.

किंमत हा सर्वांत नाजूक रकाना. काकींच्या मते जुन्या लुगड्याचे पैसे घेणं पाप, फक्त दोऱ्याचे घ्यावेत. गिऱ्हाइकाच्या मते किंमत कितीही असो, फॉर्मवर कमी लिहावी. सीमाशुल्काला मात्र प्रत्यक्ष दिलेली किंमत हवी असते. आणि जर्मनीतल्या आपल्या मराठी ताईंचा तर कायमचा लाडिक हट्ट, "अगं, 'गिफ्ट'वर टिक कर ना!" युरोपात 45 युरोपर्यंतच्या भेटीला सूट आहे, पण ती खाजगी व्यक्तीनं खाजगी व्यक्तीला फुकट दिलेली हवी. पैसे आगाऊ घेऊन दिलेल्या वस्तूला भेट म्हणायचं, तर आमचा किराणावाला वर्षानुवर्षं आमच्यावर भेटींचा वर्षाव करतोय.

'मालाची विक्री' या चौकटीत टिक केली की ताई रुसतात. पूर्वी 22 युरोपर्यंतच्या पार्सलला तिथे व्हॅट नव्हता. 1 जुलै 2021 पासून ती सवलत गेली आणि पहिल्या युरोपासून कर सुरू झाला, जर्मनीत 19 टक्के. वर टपालाचं हाताळणी शुल्क वेगळं. ताईंचा निरोप येतो, "गोधडी छान आहे, पण दारात पैसे मागितले." मग व्हॉट्सॲपवर रडका चेहरा. तो चेहरा मला पाठवून काय उपयोग, हे मी सौम्य शब्दांत कळवते. कर त्यांच्या सरकारचा, आणि मतदानाला ताई भारतात येतात की तिथे जातात ते त्यांनाच ठाऊक.

अमेरिकेचं बरं होतं. आठशे डॉलरपर्यंत शुल्कच नाही. गोधडी जायची, फोटो यायचा, सोफ्यावर पसरलेली, वर मांजर. 29 ऑगस्ट 2025 ला ती सूट संपली. त्याच्या चार दिवस आधीच आपल्या टपालखात्यानं तिकडचं बहुतेक पार्सलबुकिंग थांबवलं होतं, कारण शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हेच कुणाला कळेना. काकींनी शिवून ठेवलेल्या गोधड्या आमच्या कपाटात बसल्या. फर्निचरमध्ये फर्निचर.

15 ऑक्टोबरला बुकिंग पुन्हा सुरू झालं. पण शुल्क इथेच, आगाऊ भरायचं, आणि तेव्हा ते होतं जाहीर किमतीच्या 50 टक्के. हे काकींना समजावून सांगायला ओसरीवर गेले. सुई थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"निम्मं पैसं त्यांच्या सरकारला?"

"हो काकी."

"मग निम्मी गोधडी त्यांनी शिवायची. आन् टाका बारीक घाला म्हणावं."