‘पूर्वी पुण्यातल्या कॉलेजांत राजकारण नव्हतं’ म्हणणाऱ्यांना

पुणेकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. पूर्वी इथल्या कॉलेजांत नुसता अभ्यास व्हायचा, आता डावे प्राध्यापक मुलांच्या डोक्यात राजकारण भरतात. आमच्या करातून पगार घेता, तर पुस्तक शिकवा, मतं घरी ठेवा, असा त्याचा एकूण सूर.

‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी? फर्ग्युसन चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी टिळक-आगरकरांची. १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना याच फर्ग्युसननं १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी तेव्हा कॉलेजची बाजू घेतली असती का, तेवढं सांगावं.

करातून पगार, हे अर्धंच खरं. अनुदानित पदांचा पगार सरकार देतं. पण कित्येक वर्ग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले शिक्षक सांभाळतात. तासाप्रमाणे मानधन, तेही रखडणारं, आणि पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही याची धाकधूक. हा माणूस मतं लादणार? वादाचा विषय आला की तो बिचारा गुपचूप पुढच्या धड्याकडे वळतो. शिवाय अभ्यासक्रम ठरवतं अभ्यास मंडळ, मंजुरी विद्या परिषदेची. विद्यापीठाच्या परीक्षेचे पेपर तपासले जातात कॅप सेंटरवर, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, तिथे कुणाचा पेपर ते कळत नाही. पक्षपाताला खरी जागा आहे ती अंतर्गत गुणांत. वेगळं मत लिहिलं म्हणून कुणी गुण कापत असेल, मग तो डावा असो की उजवा, तर तक्रार जरूर करा. मी सोबत येईन.

पण पुण्यात गप्प बसवलं कुणी? ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडचा जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला, ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस केली. राग होता शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचा. संस्थेचा दोष एवढाच, की त्यानं तिचे आभार मानले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवरचं विद्यार्थ्यांचं नाटक अभाविप या उजव्या विद्यार्थी संघटनेनं बंद पाडलं. अटक झाली विभागप्रमुखांना आणि ५ विद्यार्थ्यांना. या दोन संघटनांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. बंद पाडण्याच्या कामात मात्र दोघींची पद्धत एकच, आणि दोन्ही वेळा ती माणसं वर्गातून नाही, बाहेरून आली होती.