अठरा नंबर आणि आमची सोळा मतं

अमेरिकन फुटबॉलचा साखळी हंगाम 2021 पासून सतरा सामन्यांचा झाला. त्याआधी तो सोळाच सामन्यांचा असे, आणि डेन्व्हर ब्राँकोजचा 2015 चा हंगाम आठवला की त्यामागचं कारण कळतं. एकाच माणसाबद्दल सोळापेक्षा जास्त वेळा मत बदलायला चाहत्याला दम पुरत नाही. तो माणूस म्हणजे ब्राँकोजचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. जर्सी नंबर 18, वय 39.

मत बदलायला कष्ट पडत नाहीत. चेंडू हवेत असतानाच ते बदलून मोकळं होतं. घाम फुटतो तो नंतर, आपलं मत कधी बदललंच नव्हतं हे चारचौघांत पटवून देताना.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांनी कर्णधार, सलामीचा फलंदाज आणि पंचांशी बोलायला जाणारा माणूस एकच आहे असं समजावं; तो झाला क्वार्टरबॅक. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे तिच्या निम्मंही नाही. तेवढ्यासाठी हा गृहस्थ पाच धिप्पाड माणसांच्या मागे उभा राहून तीन सेकंदांच्या आत चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवतो. गंमत म्हणजे जवळजवळ निम्मा सामना तो बाकावर बसलेला असतो, कारण तेव्हा त्याच्या संघाचा डिफेन्स खेळत असतो. तरी विजय-पराजयाची नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते. डिफेन्सवाल्यांना कुणी ‘तुमचे किती विजय झाले’ असं विचारत नाही.

मॅनिंगची पुण्याई मोठी होती. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे 2011 चा अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला, त्याच्या जुन्या संघाने, इंडियानापोलिसने, त्याला सोडलं आणि 2012 मध्ये तो डेन्व्हरला आला. 2013 मध्ये त्याने 55 टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोहोचवणारे) आणि पासचे 5,477 यार्ड असे दोन्ही विक्रम एकाच हंगामात केले. त्यानंतरच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पहिलाच स्नॅप (खेळी सुरू करताना त्याच्याकडे मागे दिलेला चेंडू) त्याच्या डोक्यावरून मागे गेला, बारा सेकंदांत सिॲटलला दोन गुण मिळाले आणि सामना 43-8 असा संपला. त्यामुळे 2015 उजाडेपर्यंत आमचा मत बदलण्याचा सराव झालेला होता. संघाने त्याचा पगार 1 कोटी 90 लाख डॉलरवरून दीड कोटीवर आणला आणि उरलेले 40 लाख बक्षिसावर ठेवले: अर्धे कॉन्फरन्स (लीगच्या दोन गटांतला आपला गट) जिंकलास तर, अर्धे सुपर बोल जिंकलास तर. म्हाताऱ्या बैलापुढे गवताची पेंडी बांधावी तसं. त्या पेंडीकडे लक्ष ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

पहिला सामना बाल्टिमोरशी. 175 यार्ड, टचडाउन शून्य, एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने झेललेला पास, आणि तेही थेट टचडाउनसाठी परत नेलेलं. ब्राँकोज 19-13 जिंकले, पण मत ठरलं: संपला. चारच दिवसांनी कॅन्सस सिटीत 36 सेकंद उरलेले असताना त्याने टचडाउन फेकून बरोबरी साधली. लगेच पुढच्या खेळीत समोरच्यांच्या हातून चेंडू निसटला, आमच्या ब्रॅडली रॉबीने तो उचलून पळवला आणि सामना 31-24 खिशात. धावला रॉबी, पण सोमवारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘अनुभव तो अनुभवच.’

पहिले सातही सामने असेच जिंकले. कधी डिफेन्सच्याच माणसाने चेंडू पकडून टचडाउन केला, कधी जादा वेळेत गाडी पलीकडे ढकलली. क्लीव्हलँडविरुद्ध मॅनिंगने तीन इंटरसेप्शन दिले, तरी 26-23. अशा काळात चाहत्याची अडचण विलक्षण असते. संघ 7-0 आहे म्हणून तक्रार करता येत नाही आणि टीव्ही समोर आहे म्हणून गप्प बसवत नाही. मग माणूस ‘जिंकलो खरे, पण...’ अशा वाक्यांवर आठवडे काढतो.

त्या ‘पण’नंतर काय म्हणायचं हे ज्याला नेमकं ठाऊक असतं तो खरा जाणकार. इतरांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मी भांडणं इथल्या अज्ञानातून होतात. लोक म्हणतात, हात गेला. चेंडू हाताने फेकतात हे खरं, पण जोर जमिनीतून येतो. उजव्या हाताच्या फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे रोवला जातो, त्यावर कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर. मॅनिंगच्या डाव्या पायाच्या तळव्यातला पट्टाच फाटत चालला होता. रोवलेला पाय डगमगला की चेंडू एक तर डोक्यावरून जातो किंवा पावलापाशी पडतो. त्यात मानेच्या दुखण्यापासून उजव्या हाताच्या पकडीत पूर्वीचं बळ नव्हतं, म्हणून फेकायच्या हातात मोजा. लांबच्या पासवर हे लगेच दिसत नाही. उंच टाकला तर चेंडू पोहोचतो कसातरी. उघडं पडतं ते साइडलाइनकडे वळणाऱ्या धावेवर. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, दहा-बारा यार्ड सरळ जाऊन बाहेर वळतो. कागदावर पास बारा यार्डांचा, पण मैदानाची रुंदी कापत चेंडूला जवळजवळ दुप्पट अंतर हवेत काढायचं असतं. तिथे तो अर्धा क्षण रेंगाळला की बचावपटू मध्ये घुसतो, आणि त्याच्यापुढे मोकळं रान असतं. तेव्हा ‘लांबचे पास जमत नाहीत त्याला’ असं कुणी म्हणालं, की समजावं, गृहस्थ सामन्यापेक्षा जाहिराती मन लावून बघतात.

शिवाय प्रशिक्षक नवे होते, गॅरी कुबियाक. त्यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक सेंटरला, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याला, चिकटून उभा राहतो, चेंडू घेतो, धावणाऱ्याला दिल्याचं सोंग करतो आणि स्वतः कडेला पळत सुटून पास देतो. चाळिशीला टेकलेल्या, एका पायाने अधू माणसासाठी ही योजना म्हणजे आजोबांना लंगडीच्या संघात घेण्यासारखी. मॅनिंगची सवय चार-पाच यार्ड मागे उभं राहायचं, समोरची रचना वाचायची, ‘ओमाहा! ओमाहा!’ असं ओरडत आयत्या वेळी सगळं बदलायचं. शेवटी तडजोड म्हणून तो मागे उभा आणि धावणारा त्याच्याही मागे, अशी पिस्टल रचना आली. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघराची वाटणी होते तशीच ही, दोन्ही पक्षांना ती मनापासून नापसंत होती.

1 नोव्हेंबरला ग्रीन बेला 29-10 हरवताना त्याने 340 यार्ड काढले. झालं, म्हातारा पुन्हा देव. पुढच्या रविवारी इंडियानापोलिसमध्ये हार, आणि ब्रेट फार्व्ह या जुन्या क्वार्टरबॅकचा कारकिर्दीतल्या 71,838 यार्डांचा विक्रम फक्त तीन यार्डांनी हुकला. 71,838 यार्ड म्हणजे जवळजवळ 66 किलोमीटर. एक माणूस पुण्यातून फेकत निघाला आणि लोणावळ्याच्या आसपास पोहोचला.

आता 15 नोव्हेंबर. भारतात त्या वेळी सोमवारची पहाट होती. अलार्म लावून उठलेल्यांबद्दल मला आजही सहानुभूती आहे. कॅन्सस सिटीविरुद्ध पहिल्याच सत्रात चार यार्डांचा एक छोटा पास गेला, विक्रम मोडला, खेळ थांबवून टाळ्या झाल्या. त्यानंतर जे झालं ते असं: 20 पैकी 5 पास पूर्ण, 35 यार्ड, इंटरसेप्शन चार. पूर्ण दुपारची मिळकत दीड खेळपट्टी. तिसऱ्या सत्रात कुबियाकनी त्याला बाहेर बसवलं. पासर रेटिंग 0.0.

ह्या शून्यावर थोडं थांबायला हवं. पासर रेटिंगमध्ये चार भाग असतात: पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येक भागाला कमीत कमी शून्य आणि जास्तीत जास्त 2.375. बेरजेला सहाने भागून शंभराने गुणलं की रेटिंग. म्हणून कमाल 158.3. आता समजा, एखाद्याने सामनाभर प्रत्येक चेंडू आपल्याच पायाशी जमिनीवर आपटला. पहिले तीन भाग शून्य, पण इंटरसेप्शन एकही नाही, म्हणून चौथ्यात पूर्ण 2.375, आणि रेटिंग 39.6. म्हणजे कारकिर्दीतले सर्वाधिक यार्ड ज्या दिवशी त्याच्या नावावर झाले, त्याच दिवशी त्याने चेंडू फेकण्याऐवजी नारळासारखा फोडला असता तर हिशेबात तो चाळीस गुणांनी बरा ठरला असता. सत्कार आणि सेवानिवृत्ती एकाच कार्यक्रमात उरकतात, तेही तिसऱ्या सत्रात, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. शाल मिळाली आणि खुर्ची गेली.

पुढच्या आठवड्यापासून त्याच्या जागी ब्रॉक ऑस्वायलर. नंबर 17, वय 25, उंची साडेसहा फुटांवर. आपल्याकडे उगवत्या सूर्याला नमस्कार म्हणतात. हा तर आधीच इतका उंच होता की त्याला उगवायचं कारण नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारी बर्फात त्याने तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडला जादा वेळेत 30-24 हरवलं. तो शेवटचा टचडाउन सी. जे. अँडरसनने 48 यार्ड धावून केला, पण क्वार्टरबॅकच्या खात्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. त्या रात्रीनंतर अठरा नंबरच्या जर्सीची घडी घालून ती खालच्या फळीवर ठेवणारे कोण होते, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कुणीच नव्हते. विचारून बघा.

ह्याचा दोष डेन्व्हरच्या पाण्याला देऊ नये. 2006 च्या मार्चमध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन 21 चेंडूंत 1 धाव करून परतला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या गावात स्टँडमधून हुर्यो उडाली होती. तिथे होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ओरडलो असं सांगणारा एकही नाही.

डिसेंबरात ऑस्वायलर ऑकलंड आणि पिट्सबर्गकडून ओळीने हरला आणि त्याची उंची कमी वाटू लागली. मग 3 जानेवारी 2016, शेवटचा साखळी सामना, सॅन डिएगोविरुद्ध. ब्राँकोजने पाच वेळा चेंडू गमावला. त्यातले सगळे गुन्हे ऑस्वायलरचे नव्हते, पण ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? तिसऱ्या सत्रात 13-7 असे मागे असताना कुबियाकनी मॅनिंगला आत पाठवलं. त्याने 9 पैकी 5 पास, 69 यार्ड केले. टचडाउन एकही फेकला नाही. बहुतेक वेळ त्याने चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिला, जे काम पोस्टमनही करतो. ब्राँकोज 27-20 जिंकले, कॉन्फरन्समधला पहिला क्रमांक मिळाला आणि एकमुखाने मत झालं: ‘नुसता मैदानात आला, बघा!’ देवळात घंटा वाजावी तसा परिणाम. खालच्या फळीवरच्या जर्सी वर आल्या. घड्यांच्या खुणा दिसत होत्या, पण इस्त्री कुणी केली नाही. इस्त्री करणं म्हणजे कबुलीजबाब.

न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सविरुद्धच्या कॉन्फरन्स फायनलमध्ये तो बारा यार्ड स्वतः धावला. धावला म्हणजे गाडी सुटताना पिशवी सांभाळत जावं तसा. स्टेडियम ज्या प्रकारे उसळलं तसं ते 2013 च्या पंचावन्न टचडाउनांतल्या एकालाही उसळलं नसेल. सामना जिंकला प्रशिक्षक वेड फिलिप्सच्या डिफेन्सने, 20-18.

आणि सुपर बोल 50, कॅरोलायनाविरुद्ध. भारतात सोमवारी पहाटे पाच. ब्राँकोज 24-10 जिंकले. आमच्या डिफेन्सच्या वॉन मिलरने त्यांचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातून दोनदा चेंडू उडवला, दोन्ही वेळा त्यातून टचडाउन आले. मॅनिंगचे 141 यार्ड, एक इंटरसेप्शन. संघाचे एकूण 194 यार्ड. इतके कमी यार्ड काढून तोवर कुणी सुपर बोल जिंकला नव्हता. थर्ड डाउनवर, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नावर, चौदा वेळांत एकदा यश. सामनावीर मिलर झाला, ते बरोबरच होतं, आणि 40 लाखांची पेंडी म्हाताऱ्याने पूर्ण खाल्ली, तेही बरोबरच होतं. तोवर सर्वांत वयस्कर विजेता क्वार्टरबॅक हाच.

मिलरने दुसऱ्यांदा चेंडू उडवल्यावर अँडरसनने टचडाउन केला आणि जादा दोन गुणांसाठी मॅनिंगने बेनी फाउलरकडे पास फेकला. तो झेलला गेला. कारकिर्दीतला शेवटचा पास. दोन गुणांच्या प्रयत्नातला पास यार्डांत धरत नाहीत, रेटिंगमध्येही नाही. ‘त्या पासवरच मी म्हटलं होतं, हा अजून दोन वर्षं खेळेल,’ असं म्हणणारे मला माहीत आहेत. 7 मार्चला तो निवृत्त झाला.

दोनच दिवसांनी ऑस्वायलर चार वर्षांच्या 7 कोटी 20 लाख डॉलरवर ह्यूस्टनला गेला. ‘तो कधी आवडलाच नव्हता’ यावर डेन्व्हरमध्ये लगेच एकमत झालं आणि सतरा नंबरच्या जर्सी जुन्या कपड्यांत गेल्या. ह्यूस्टनने वर्षभरात त्याला क्लीव्हलँडला दिलं, क्लीव्हलँडने सोडून दिलं, आणि 2017 च्या सप्टेंबरमध्ये तो परत डेन्व्हरला आला. नंबर तोच, 17.