मान्यता आहे, मग दोन्ही सारखीच?

अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन पदव्या आहेत: एमडी आणि डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. या डीओ कॉलेजांबद्दल इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: "मुलाला दोन नव्या डीओ कॉलेजांत प्रवेश मिळाला तर फार डोकं चालवू नका. दोन्ही मान्यताप्राप्त, दोन्हींचा निकाल ९९ टक्के, शिकवतात तेच. जे स्वस्त आणि घराजवळ, ते घ्या. कर्ज सरकार देतंच. तसाही डीओ म्हणजे एमडीच्या खालचाच." मला तो चौघांनी पाठवला. माझ्या भाचीपुढेही नेमकी हीच निवड होती, त्यामुळे गप्प बसवेना.

मी औरंगाबादच्या घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) इथे केली. आता माझ्या वॉर्डात राउंडला डीओ कॉलेजांची तिसऱ्या वर्षाची मुलं असतात.

"डीओ म्हणजे एमडीच्या खालचा." हे आधी उरकते. पहिलं डीओ कॉलेज अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला काढलं. आज डीओ पन्नासही राज्यांत औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. गोंधळ होतो तो आपल्या डोक्यात. भारतात एमडी पदव्युत्तर पदवी, इथे ती डॉक्टरकीची पहिलीच. शिवाय इंग्लंडातला ऑस्टिओपॅथ हा डॉक्टर नसतो, म्हणून पुण्याच्या काकूंनी गूगल केलं की त्यांना हाडवैद्य सापडतो. २०२० पासून डीओ आणि एमडी यांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे. त्वचारोग, न्यूरोसर्जरी अशा मोजक्या शाखांत डीओंना जागा मिळणं जास्त अवघड जातं, हे मात्र खरं.

"दोन्ही मान्यताप्राप्त." इथे शब्द नीट वाचा. डीओ कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेला कोका म्हणतात. नव्या कॉलेजाला ती आधी पूर्व-मान्यता देते आणि त्यावर मुलं घेता येतात. पूर्ण मान्यतेचा निर्णय पहिली बॅच बाहेर पडायच्या सुमारास होतो. पूर्व-मान्यता म्हणजे बोगस, असं अजिबात नाही. ती मुलं परीक्षा देतात, रेसिडेन्सीला जातात. कॉलेज मध्येच बंद पडलं तर मुलांचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून पैसे बाजूला ठेवायची अटही असते. पण पिट्सबर्गचं ड्युकेन विद्यापीठ १८७८ पासूनचं आणि त्याचं डीओ कॉलेज २०२४ चं. मागे असं जुनं विद्यापीठ असणं वेगळं, आणि माळरानावर एकट्याने उभं राहिलेलं कॉलेज वेगळं. मान्यतेच्या कागदावर हा फरक दिसत नाही.

"निकाल ९९ टक्के." ज्या कॉलेजाची पहिली बॅच अजून बाहेरच पडलेली नाही, त्याचा निकाल कुठून आला? विचारून पाहा, बहुधा त्याच संस्थेच्या जुन्या शाखेचा असतो. बॅच बाहेर पडली असेल तरी आकडा कशाचा ते बघा. रेसिडेन्सीच्या जागा देशभर 'मॅच' नावाच्या प्रक्रियेतून वाटल्या जातात. २०२४ च्या राष्ट्रीय मॅचमध्ये शेवटच्या वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्के आणि एमडींपैकी ९३.५ टक्के मुलांना जागा मिळाली. मग ९९ कसे? मॅच वेगळा आणि 'प्लेसमेंट' वेगळी. मॅचमध्ये नाव न आलेल्या मुलाला उरल्यासुरल्या जागांतून एका वर्षाची तात्पुरती जागा मिळाली, तरी तो प्लेसमेंटच्या आकड्यात बसू शकतो. आणि भागाकारात खाली कोण आहे? पहिल्या वर्षाला आलेली सगळी मुलं, की चौथ्या वर्षापर्यंत टिकलेली? मध्येच गळालेली मुलं हिशेबातून वगळली की टक्का आपोआप चढतो. कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात पहिल्याच फटक्यात किती पास झाले, हा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

"शिकवतात तेच." पहिली दोन वर्षं बऱ्याच अंशी हो. खरी ग्यानबाची मेख तिसऱ्या वर्षात आहे, आणि आपण भारतीय तिथेच फसतो. घाटी म्हटलं की कॉलेज आणि हॉस्पिटल एकच. जिना उतरला की वॉर्ड. इथल्या बहुतेक नव्या डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. करार असतात, कधी तीनशे मैलांवरच्या गावाशीसुद्धा. तिसऱ्या वर्षी मुलाला गाशा गुंडाळून तिकडे जावं लागतं, आणि कुठे जायचं ते कधीकधी चिठ्ठी टाकून ठरतं. म्हणजे "घराजवळचं कॉलेज" दोनच वर्षं जवळ!

बरं, तिथे काय मिळतं? माझ्याकडे आलेल्या एका मुलाने मेडिसिनचं आधीचं रोटेशन (त्या विषयातले प्रत्यक्ष कामाचे आठवडे) एका खासगी दवाखान्यात केलं होतं. डॉक्टर भला माणूस, शिकवायचाही. पण भरती झालेल्या पेशंटची रोजची नोंद लिहायची वेळ त्या मुलावर आलीच नव्हती, रात्रपाळी नाही, रेसिडेंट नाहीत. हुशार पोरगं पहिल्या आठवड्यात वॉर्डात बावरून उभं राहायचं. दोष त्याचा नव्हता. ज्या हॉस्पिटलात रेसिडेंट असतात तिथे विद्यार्थी त्यांच्या मागे फिरून अर्धं शिकतो, आणि पुढे शिफारसपत्र लिहिणाराही तिथेच भेटतो.

"कर्ज सरकार देतंच." द्यायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. मेडिकलला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख. खासगी डीओ कॉलेजात राहण्याखाण्यासकट खर्च बहुधा त्याच्या बराच वर जातो. उरलेलं खासगी कर्ज, त्यावर बाबांची सही. काही नव्या, स्वतंत्र कॉलेजांत तर सुरुवातीची वर्षं सरकारी कर्ज लागूच नसतं. आणि एच-४ वरच्या, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर इथे असलेल्या मुलांना ते कुठेच मिळत नाही, हे त्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहिलेलं नाही. तेव्हा "स्वस्त ते घ्या" यात तथ्य आहे, पण चार वर्षांचा पूर्ण हिशेब मांडून, तिसऱ्या वर्षाच्या घरभाड्यासकट.

भाचीने दोन्ही कॉलेजांना एकच ईमेल पाठवली: तिसऱ्या वर्षी बालरोग आणि स्त्रीरोग कुठल्या हॉस्पिटलात, तिथे तुमच्या किती जागा, आणि रेसिडेंट आहेत का? एकाने दोन दिवसांत हॉस्पिटलांची नावं आणि जागांचे आकडे पाठवले. दुसऱ्याने लिहिलं, "आमच्या भागीदाऱ्या वेगाने वाढत आहेत." हे दुसरं घरापासून चाळीस मिनिटांवर होतं. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.