चार तृतीयांश हिस्सा

आत्तेने फॅमिली ग्रुपवर माझा फोटो बघितला आणि खाली लिहिलं, "धूप जरा जास्तच घातलास काय रे?" पुढे चार हसणारी तोंडं.

धूप नव्हता हो. आरती संपून तास झाला होता. गणपतीच्या खोलीत त्रेचाळीस माणसं कोंबून, ट्रायपॉड लावून, पोरांना तीनदा गप्प करून, आजीला दोनदा उठवून काढलेला फोटो तो, आणि त्यात आमचं अख्खं खानदान आंबोलीच्या घाटात धुक्यात उभं असल्यासारखं दिसत होतं. तेव्हाच शेजारी आठवीतल्या भाच्याने एका हाताने मोदक खात दुसऱ्या हाताने मोबाईल वर करून, न बघता, एक फोटो काढलान. त्यात बाप्पाच्या मुकुटावरचा खडा न् खडा दिसतोय. तो आता सोळा जणांचा डीपी आहे. त्यातली एक माझी बायको.

कारण बुरशी. टॉर्च मारून लेन्समधून आरपार बघितलं तर आत काचेवर कोळ्याने संसार थाटल्यासारखे पांढरे धागे. जाणकार सांगतात की लेन्स चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवावी, साठच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. आमच्याकडे रत्नागिरीत जुलैत चपलेवर हिरवी लव येते आणि मीठ चमच्याने खरवडून काढावं लागतं, तिथे मी चाळीस टक्के कुठून आणू? तरी मी तांदळाच्या जुन्या डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा ठेवायचो. ते निळे दाणे पाणी प्यायले की गुलाबी होतात, मग ते तापवून परत निळे करायचे. जूनमध्ये आठवडाभर टिकायचे, जुलैत दोन दिवस. एकदा, एकदाच, मी ते आईच्या भाकरीच्या तव्यावर भाजले. त्या दिवशी तवा कपाटात गेला आणि डबा घराबाहेर. (आईचंच बरोबर होतं, त्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं हे मला नंतर कळलं, पण हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही.) तेव्हापासून कॅमेरा मोरीजवळच्या फळीवर. बाकी तुम्ही समजलात.

लेन्स साफ करायला मुंबईला पाठवायची तर जाऊन-येऊन खर्च त्या लेन्सच्या आजच्या किमतीच्या वर. म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. तर पुण्याचा मित्र म्हणतो, "कॅमेरा नको घेऊस, सिस्टीम घे." हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला माझ्यातर्फे एक नारळ. म्हणजे आज बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यायची ती पुढच्या दहा वर्षांच्या लेन्सचा विचार करून. मी पुढच्या आठवड्याच्या भाजीचा विचार करू शकत नाही.

माझ्या गरजा तीन. घरामागच्या उंबरावर ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, येतात, ते. शिमग्याला रात्री पालखी नाचते, ती. आणि असा एक फॅमिली फोटो की आत्तेचं तोंड बंद होईल. आता ककणेराला लांबची लेन्स पाहिजे, रात्रीच्या पालखीला मोठा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा, पाहिजे, आणि तिसऱ्याला, सगळे म्हणतात, मोबाईल पुरतो. लांबची लेन्स म्हणजे, सोनीची २००-६०० बघितली, दोन किलोच्या वर वजन. दोन किलो म्हणजे बऱ्यापैकी सुरमई. ती गळ्यात अडकवून मी उंबराखाली उभा राहणार. कॅननची १००-४०० आहे, ६३५ ग्रॅम फक्त, पण लांबच्या टोकाला एफ ८, म्हणजे उजेड आत यायचं भोक बारीक, म्हणजे पावसाळी ढगाखाली, उंबराच्या सावलीत, फोटोवर रवा पसरल्यासारखे दाणे. महिनाभर रोज रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. ते सगळे लोक कुठल्यातरी वाळवंटात नाहीतर बर्फात उभे असतात. वेदर सीलिंग दाखवायला कॅमेऱ्यावर बाटलीने पाणी शिंपडतात, असं हलकं, तुळशीला घातल्यासारखं. एकाने तरी चार महिने मोरीजवळच्या फळीवर ठेवून दाखवावा.

शेवटी म्हटलं हातात घेऊन बघू, आणि शनिवारी दुकानात गेलो. कुठलं दुकान ते सांगत नाही, गाव लहान आहे. पुढे मोबाईलची कव्हरं, मागे निळा पडदा लावलेला स्टुडिओ, आणि मधे काचेत दोन कॅमेरे, त्यातला एक आतून पोकळ.

"काय घेताय वो?"

आवाज बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून आला. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा आणि गठ्ठ्याला सुतळी. आमच्याकडे माणूस म्हातारा झाला की एकतर भजनात जातो नाहीतर कोर्टात. हे कोर्टात गेलेले. वारस नोंदीच्या कुठल्याशा अर्जाला पासपोर्ट फोटो हवे होते आणि स्टुडिओतली लाइट गेली होती म्हणून बसले होते. त्यांचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही, मनात सातबाराकाका म्हणत होतो.

"कॅमेरा बघतोय."

"कितीत?"

"लाखभर."

"लाखभर," ते पिशवीला म्हणाले.

काउंटरवरच्या पोराने मला विचारलं, "सर, सेन्सर कुठल्या मापाचा, फुल फ्रेम बघणार, एपीएस-सी बघणार, का मायक्रो फोर थर्ड?"

"थांब," काका म्हणाले. "फोर थर्ड म्हणजे चार तृतीयांश?"

"नावच आहे तसं, काका."

"चार तृतीयांश हिस्सा असतो कोणाचा? आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. एक तृतीयांश आहे, एक नवमांश आहे, एक एकशे आठांश आहे. पण एकाच्या वर कोणी गेला नाय. आमचा धाकटा चुलतासुद्धा नाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण महिनाभर जागून जमवलेलं ज्ञान कोणालातरी दाखवायचं होतं, घरात कोणी उभं करत नव्हतं. मी सांगितलं की तो हिस्सा नाही, इंच आहेत. पूर्वी व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायची पद्धत होती, तीच पुढे चालू राहिली. चार तृतीयांश इंच म्हणजे जवळजवळ ३४ मिलिमीटर. प्रत्यक्षात आतल्या सेन्सरचा कर्ण २२ सुद्धा भरत नाही.

काका सरसावून बसले. "म्हणजे कागदावर चौतीस आणि जाग्यावर बावीस?"

"तसंच."

"मोजणी मागवा."

"कोणाची?"

"सरकारी! मी सांगतो ना तुम्हाला. आमचं पण तेच झालं. कागदावर चौदा गुंठे, जाग्यावर नऊ. पाच गुंठे कुठे गेले? चुलत्याच्या माडाखाली." मग त्यांनी गठ्ठ्यातून एक पाकीट काढलं, पाठकोऱ्या बाजूवर रेघ मारली, आणि म्हणाले, "सांगा मापं. सगळ्यांची."

मी सांगितली. पाठ होती, दुर्दैवाने. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. काकांनी कॅल्क्युलेटर न घेता गुणाकार केला, ८६४. निकॉन, सोनी, फुजी यांचा एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय १५.६, म्हणजे ३६७ धरा. कॅननचा २२.३ बाय १४.९, ३३२. आणि मायक्रो फोर थर्ड १७.३ बाय १३, सव्वादोनशे.

"आता आणेवारी काढू," काका म्हणाले. "फुल फ्रेम सोळा आणे. हे तुमचे निकॉन-सोनी, पावणेसात आणे. कॅननवाल्याने सहा आण्यातच गुंडाळलंन. आणि हा नाव चार तृतीयांश सांगणारा, चार आणे! चार आण्याचा मालक आणि ऐट बघा."

खोटं कशाला बोलू, चांगल्या चांगल्या तज्ज्ञांचे व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं ते त्या पाकिटामागे एका नजरेत दिसलं. मी म्हटलं, "पण काका, लहान सेन्सरचा फायदा आहे. तीनशेची लेन्स त्यावर सहाशेसारखी दिसते. लांबचा पक्षी मोठा येतो."

"जागा लहान केली की आंबा मोठा दिसतो, तसं?"

याला उत्तर नव्हतं. पोरगा मोबाईलमध्ये बघत होता.

"बरं, उद्या नाय पटलं तर ही लेन्स काढून दुसऱ्या कंपनीला लावता येते?"

"नाही. प्रत्येकाचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायचं तोंड, वेगळा."

"मग सामाईक काय आहे?"

मी विचार केला. "मेमरी कार्ड. आणि ट्रायपॉडचा स्क्रू."

"विहीर आणि पायवाट," काका समजून मान हलवत म्हणाले.

तीन कंपन्यांनी, लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी, २०१८ मध्ये एकच माउंट ठरवला हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. एकत्र कुटुंब! मग लगेच पडला. "मोठा कोण त्यात?" लायका, मी म्हटलं. "बायका कशा आहेत कोण जाणे," म्हणाले.

मग माझी जखम उघडी पडली. माझा जुना कॅमेरा निकॉनचा, आणि एक पन्नासची लेन्स मामाची, रोलच्या काळातली. निकॉनचा जुना एफ माउंट १९५९ सालचा.

"एकोणसाठ? म्हणजे कूळकायद्याने कुळं मालक झाली त्याच्या नंतर दोन वर्षांनी. जुनी वहिवाट आहे. मोडत नाय."

"मोडली. २०१८ मध्ये. नवीन झेड माउंट आणला. कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकला ना. आधी लेन्स सेन्सरपासून साडेशेहेचाळीस मिलिमीटरवर बसायची, आता सोळावर. मधली साडेतीस मिलिमीटर जागा मोकळी झाली."

"मोकळी? आणि कोणी कंपाउंड घातलंन नाय?"

"त्या जागेत अॅडॉप्टर बसतो. तो लावला की जुन्या लेन्सेस नव्या बॉडीवर चालतात."

"मुखत्यारपत्र."

"हो. पण मामाच्या लेन्सला फोकसची स्वतःची मोटर नाही, बॉडीतून फिरवायला लागते. त्यामुळे कंपनीच्या अॅडॉप्टरवर ती बसते, फोटो येतो, फक्त ऑटोफोकस होत नाही. हाताने फिरवायचं."

काकांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या कणवेने बघितलं. "मुखत्यारपत्र आहे, पण नोंदणी नाय. माझ्या मामाकडची जमीन अशीच गेली."

ऑलिम्पसचं विचारलं त्यांनीच, नाव कुठूनतरी माहीत होतं. मी सांगितलं की त्यांनी कॅमेऱ्याचा धंदा २०२१ साली दुसऱ्या कंपनीला दिला, आता ओएम सिस्टीम नावाने विकतात. पाऊस-धुळीसाठी त्यांच्या एका कॅमेऱ्याला चक्क आयपी ५३ असा आकडा दिलाय, मला मनातून तोच हवा होता, हलका, लेन्स हलक्या, ककणेराला बरा. पालखीला चार आणे. पण काकांचा प्रश्न एकच. "फेरफार झाला का? जुन्या मालकाचं नाव कमी झालं का? नाय, नंतर त्यांची मुलं येतात."

तेवढ्यात लाइट आली आणि मला जाग आली. मी लाखाच्या वस्तूसाठी आलेलो आणि पाऊण तास एक पोकळ कॅमेरा हातात धरून बसलेलो. पोराला म्हटलं, चालू कॅमेरा दाखव. दुसऱ्याची बॅटरी चार्ज नव्हती. बाकी मॉडेल्स? ऑर्डर दिली की मुंबईहून येतात, पैसे आधी, आले की परत घेत नाही. म्हणजे न बघता घ्यायचं. मग ऑनलाइन काय वाईट? तर ऑनलाइन बिघडला की सर्व्हिसला परत मुंबई. एवढी किनारपट्टी, एवढा समुद्र, दर रविवारी भाट्याच्या पुळणीवर लग्नाआधीच्या शूटिंगला नवरानवरी रांग लावून पाण्यात उभे, पण इथल्या माणसाला शटर दाबून बघायचं असेल तर रात्रीची गाडी पकडायची. फोटो काढायला कोकण, कॅमेरा बघायला दादर. हे कोणाला सांगायचं? पोरगा म्हणाला, "सर, पंचेचाळीस हजारात मोबाईल आहे एक, कॅमेरा मस्त आहे."

मी काही बोललो नाही. काकांना आत बोलावलं. पडद्याचं एक टोक खिळ्यावरून निसटलेलं, पोरगा म्हणाला, "सर, जरा धरता का?" तर मी निळा पडदा धरून उभा. पोराने कॅमेरा उचलला. माझाच. म्हणजे तेच मॉडेल, तीच १८-५५ लेन्स, रबर निघून चिकटपट्टी लावलेली. फोटो आला तो आरशासारखा लख्ख.

"बुरशी नाही लागली याला?" मी विचारलं.

"रोज वापरतो ना सर. बुरशीला बसायला वेळ कुठे मिळतो? तुम्ही लोक ठेवून देता."

तुम्ही लोक.

आठ फोटोंचे ऐंशी रुपये. काकांकडे पाचशेची नोट, गल्ल्यात सुट्टे नाहीत, काकांचा फोन बटणांचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाईल काढून स्कॅन केलं. काकांनी फोटोंची पट्टी कात्रीने कापली, एक फोटो काळजीपूर्वक वेगळा केला आणि माझ्या हातात ठेवला.

"घ्या. एक अष्टमांश. बाकी सत्तर भेटलो की देतो."

घरी आलो तर बायको म्हणाली, घेतलास का? मी फोटो दाखवला. तिने उलटसुलट करून बघितला. काकांच्या भुवईतला पांढरा केस न् केस वेगळा दिसतोय, सदऱ्याच्या बटणाचा दोरा दिसतोय, आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या पडद्यावर कोणाचातरी अंगठा आहे.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "कोण हे?"

फोटो मी सिलिका जेलच्या डब्यात ठेवून दिलाय. दाणे सध्या गुलाबी आहेत.