'स्पार्क तो स्पार्क' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवरच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनात कॉम्प्युटरने ठिणगी पाडण्यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, "स्पार्क तो स्पार्क, पॉइंटने पडला काय नि कॉम्प्युटरने पडला काय. उगाच इलेक्ट्रॉनिकचं कौतुक. कधी बॉनेट तरी उघडलंय का?" शिवाय लेखात आकृती नाही, पार्ट महाग, कंपन्या लुटतात वगैरे. मतभेद असू देत हो, पण अनोळखी माणसाशी ही काय बोलायची पद्धत झाली?

आता विचारलंच आहे तर ऐका. आमच्या वडिलांची प्रीमिअर पद्मिनी होती, पुण्याच्या नाना पेठेतून पॉइंटचा सेट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) नि कंडेन्सर आणायला मीच जायचो. डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली की एका पॉइंटला खड्डा पडलेला आणि समोरच्याला टेंगूळ आलेलं, ते घासायचं, फीलर गेज घालून गॅप लावायची, हे सगळं मी शाळेत असताना केलंय. त्यामुळे बॉनेटचं मला नका सांगू.

एक मान्य, पॉइंटवाली गाडी रस्त्यात बंद पडली तर पॉइंट पॉलिश पेपरने घासून घरी आणता यायची, क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरणारा दांडा) कुठे आहे ते सांगणारा क्रँक सेन्सर गेला तर तसं होत नाही.

पण 'स्पार्क तो स्पार्क' हे साफ चूक आहे. कॉइलचं तत्त्व दोन्हीकडे एकच, प्रायमरीतला (पहिल्या गुंडाळीतला) करंट तोडला की सेकंडरीत (दुसऱ्या गुंडाळीत) वीस-तीस हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी पडते. प्रश्न तो करंट कोण तोडतं आणि नेमका कधी तोडतं हा आहे. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, आणि पेट्रोलचं मिश्रण पूर्ण जळायला दोनेक मिलिसेकंद तरी लागतातच, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडायला हवी आणि किती आधी ते स्पीड नि लोडप्रमाणे सतत बदलतं. पॉइंटवाल्या गाडीत हे काम वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा डबा करायचे, त्यात पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होऊन टायमिंग आपोआप मागे पडायचं, म्हणजे ठिणगी उशिरा, तुम्ही काहीही न करता!

इलेक्ट्रॉनिकमध्ये झिजणारा पॉइंटच नाही. क्रँकवरच्या दातेरी चक्रात एके ठिकाणी दाते मुद्दाम गाळलेले असतात, तिथून सेन्सरला क्रँक कुठे आहे ते कळतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लोड, स्पीड, इंजिनचं तापमान बघून ठरवतो आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. थंडीत स्टार्टर मारताना बॅटरीचे व्होल्ट पडले तर कॉइलला करंट जास्त वेळ देतो, म्हणजे ठिणगी कमजोर पडत नाही. कात्रजच्या जुन्या घाटात चौथ्या गिअरला ओढली की पद्मिनी नॉकिंग करायची (मिश्रण आपोआप पेटून इंजिन खडखडायचं) आणि आपण गिअर टाकण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. आता ब्लॉकला लावलेला नॉक सेन्सर ती थरथर पकडतो, ईसीयू लगेच टायमिंग दोन-चार अंश मागे घेतो, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. हे तुम्हाला 'काय फरक पडतो' वाटतं?

बाकी आकृती, किमती, कंपन्या, त्यावर मी वाद घालत बसणार नाही. कॉइल, प्लग, सेन्सर, ज्यावर शंका असेल ती विचारा, सविस्तर उत्तर देईन. फक्त 'बॉनेट उघडलंय का' ही भाषा इथे नको.